वाकडी भिंत

"खिसा दाखवा, भाऊ."

वामनरावांनी मोटरसायकल फाटकाशी लावली आणि मुकाट्यानं सदऱ्याचा खिसा उलटा केला. चष्म्याचं घर निघालं, सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी निघाली. सुखीबाईनं पुडीकडे नुसतं पाहिलं आणि परत केली. खर्रा पेटत नाही, म्हणून तो चालतो.

"आता पायजम्याचा."

"अवो सुखीबाई, मी घरूनच तर येऊन राह्यलो."

"घरी चूल नाही काय?"

पायजम्याच्या खिशातून आगपेटी निघाली. वामनराव तिच्याकडे असे पाहत राहिले, जणू दुसऱ्याच कुणी ती तिथं ठेवली होती.

"सकाळी वावरात गेलतो," ते म्हणाले. "धुऱ्याबांधावरचा कचरा पेटवाचा होता."

"धुरा वावरात राह्यला अन् आगपेटी जिनिंगले आली. वा!" सुखीबाईनं आगपेटी कानाशी हलवून पाहिली आणि पायाशी ठेवलेल्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. "जाताना घेऊन जा. आठवण मी नाही देणार."

मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. वामनरावही हसले. ते या कंपनीचे अध्यक्ष होते, पण फाटकात अध्यक्ष आणि हमाल एकाच रांगेत, हा नियम त्यांनीच घातला होता. आता तो त्यांच्याच गळ्यात पडला होता आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं.

कंपनीचं पाटीवरचं नाव लांबलचक आहे. कळंबच्या आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून ती काढली, म्हणून त्यात शेतकरी आहे, उत्पादक आहे, आणखीही बरंच काही आहे. लोक नुसतं कंपनी म्हणतात. कंपनीची ही जिनिंग. इथं कापूस येतो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. आवारात सीझनभर कापसाचे ढीग लागलेले असतात आणि कापसाला पेटायला निमित्त लागत नाही.

हे सुखीबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी होळी झाल्यावर, सीझन संपत आला असताना, कुणाच्या तरी कापसातून लोखंडाचा एक तुकडा मशीनमध्ये गेला आणि ठिणगी उडाली. तिचा नवरा भावसिंग तिथं मुकादम होता. त्यानं आणि आणखी चौघांनी आतल्या बाया मागच्या दारानं बाहेर काढल्या. बाया निघाल्या, हे पाचजण नाही निघाले. पाचही एकाच तांड्यातले, रस्त्याच्या पलीकडच्या.

नव्या मशीनला आता मोठं चुंबक बसवलं आहे. सुखीबाई म्हणायची, "लोखंड चुंबक पाह्यते, आगपेटी मी पाह्यतो." कंपनीनं तिला सावलीतलं, बसून करायचं काम देऊ केलं होतं. तिनं फाटक मागून घेतलं.

तेवढ्यात बाहेर खरकन आवाज झाला. कापूस घेऊन आलेल्या ऋतिकच्या ट्रॅक्टरची ट्रॉली भिंतीच्या कोपऱ्याला घासली होती. कापसाचे चार बोंद, मोठी गाठोडी, खाली घरंगळली.

"अबे, कोन्या येड्यानं बांधली हे भिंत?" ऋतिक वरूनच ओरडला.

"तो पाहा, येडा तिथं उभा हाये," सुखीबाईनं बोट दाखवलं.

डोमाजी मिस्त्री गाठींच्या शेडची पायरी बांधत होता. त्यानं मान वर केली, थापी हलवून सलाम केला आणि पुन्हा कामाला लागला. या भिंतीवरून त्याची थट्टा करणं हा आता जिनिंगमधला रोजचा विरंगुळा झाला होता. भिंतच तशी होती. फाटकाच्या उजव्या हाताला ती सरळ निघायची आणि थोडं पुढं गेल्यावर काही कारण नसताना आत वळायची. पाच-सहा बैलगाड्या सुटतील एवढी जागा बाहेर सोडून पुन्हा बाहेर यायची आणि रस्त्याच्या कडेनं सरळ चालू लागायची. तिच्या त्या कोपऱ्यापायी प्रत्येक ट्रॅक्टरला फाटकात शिरताना मोठा वळसा घ्यावा लागायचा. बरं, आतल्या बाजूनं तरी भिंतीजवळच्या जागेचा काही उपयोग करावा, तर तिथं पाण्याचं भलंमोठं टाकं बांधून ठेवलेलं. आणि बाहेरच्या अंगानं, त्या वळलेल्या भागात, भिंतीला ओळीनं पाच भोकं. बांधकामाच्या बल्ल्या अडकवायला ठेवली आणि बुजवायचं विसरला, असं सगळे म्हणायचे.

"डोमाजी, आज दिवाळी हाये," सुखीबाई ओरडली. "ते भोकं तरी बुजव! चिमण्या घर करतीन."

"बुजवतो ना," डोमाजी म्हणाला.

"दसऱ्यापासून बुजवून राह्यला हा माणूस. भिंत वाकडी अन् वरून जाळीची."

"चुकली बाप्पा. एखादी चुकते माणसाच्या हातून."

वामनराव मोटरसायकल ढकलत तिथून चालले होते. ते थांबले. काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि म्हणाले, "राहू द्या ते भोकं," आणि ऑफिसकडे निघून गेले.

दुपारी रंजिता भाकरी घेऊन आली. सुखीबाईची ही थोरली. तिच्या पाठचा जीवन यवतमाळला आयटीआयत वीजतंत्री शिकत होता, कंपनीच्याच आधारानं. रंजिताचं लग्न फुलसावंगीकडच्या तांड्यात ठरलं होतं आणि येत्या उन्हाळ्यात ती जाणार होती. फाटकाजवळच्या निंबाखाली मायलेकी बसल्या. वांग्याची भाजी होती, ठेचा होता. सुखीबाई जेवता जेवता एक डोळा फाटकावर ठेवून होती.

"याडी," रंजिता म्हणाली, "आज मेरा हाये."

"मले माहीत नाही काय?"

गोरमाटी, म्हणजे बंजारा तांड्यात दिवाळीच्या अमावास्येला लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन निघतात. आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या घरी, मग घरोघर. वडीलधाऱ्यांसमोर दिवा धरून म्हणतात, 'याडी, तोन मेरा', 'बापू, तोन मेरा'. आई, तुला हा दिवाळीचा दिवा, बाबा, तुम्हाला हा दिवा, असं काहीसं. दिवा कुणाच्याही पुढं धरत नाहीत, आपल्या माणसापुढं धरतात. गेल्या दिवाळीला पाच घरांत दुखवटा होता आणि तांड्यात एकही दिवा निघाला नव्हता. यंदा निघणार होता. आणि लग्न झाल्यावर हा दिवा पोरीच्या हातून कायमचा सुटतो, म्हणजे रंजिताचा हा शेवटचा.

"मले बापूले मेरा कराचा हाये," रंजिता म्हणाली.

सुखीबाईचा घास हातातच राहिला.

"घरी फोटोपुढं कर."

"फोटोपुढं नाही. तो जिथं होता तिथं. एक डाव, याडी. मंग मी जातोच हाये."

"जिनिंगमंदी?"

"हव."

"पेटलेला दिवा घेऊन?"

"मंग इझलेला नेऊ काय?"

सुखीबाईनं भाकरी बाजूला ठेवली. आवारात कापसाचे दोन ढीग उभे होते, उन्हात पांढरेफेक. वारा आला की त्यांच्या अंगावरचे पुंजके सुटून फाटकापर्यंत येत. आत्ताही एक पुंजका तिच्या लुगड्याला चिकटला होता. तिनं तो काढला आणि बोटांत चोळत राहिली.

"रंजी, वात पेटली का ते आगच. ते बापाची हाये का परक्याची, कापसाले समजत नाही."

"वामनकाका नाही म्हणणार नाही. तू इचार त्याइले. बापू कोन्या जागी होता ते बी त्याइले माहीत अशीन. तुले तर ते बी माहीत नाही."

हे खरं होतं. आग विझल्यावर सुखीबाईनं भावसिंगला पाहिलं ते सरकारी दवाखान्यात. त्यानंतर जुनी शेड पाडली, जेसीबीनं सगळं सपाट केलं, नवी शेड पार मागं बांधली, फाटकसुद्धा दुसऱ्या बाजूनं आलं. जुनी जिनिंग कुठं सुरू होत होती नि कुठं संपत होती, हे आता सांगता येत नव्हतं. आणि सुखीबाईनं ते कधी विचारलंही नव्हतं. जागा कळली असती तर तिला रोज तिकडं बघावं लागलं असतं.

"मी नाही इचारणार," ती म्हणाली.

"काहून?"

"ते नाही म्हणणार नाहीत ना, म्हणून नाही इचारणार. मी बायाइच्या ओट्या झाडतो, माणसाइचे खिसे पाह्यतो. अन् माह्या घरचा दिवा आत नेऊ?"

रंजिता उठली. डबा तिनं नीट लावला, पुसला, पिशवीत घातला. मग म्हणाली, "तू कंपनीचीच झाली, याडी," आणि रस्ता ओलांडून गेली.

हे बोलणं सुखीबाईला लागलं. लागायचं कारण असं, की त्यात काही खोटं नव्हतं.

ती कंपनीची झालीच होती. आगीनंतर आठवडाभरातच कंपनीच्या सभासदांची सभा भरली होती. कुणी तरी म्हणालं, आधी मशीन उभी करू, मशीन नाही तर कंपनी कशाची? तेव्हा वामनराव म्हणाले होते, "माणसं नाही त कायची कंपनी?" मग ठरलं, आधी त्या पाच घरांचं, मग जिनिंगचं. त्या वर्षी सभासदांनी आपला कापूस दूरच्या बाजारात नेऊन विकला, हाल सोसले, आणि त्यातला वाटा बाजूला काढला. पाच घरं पक्की झाली. बांधताना प्रत्येक बाईला विचारलं, दार कोणत्या दिशेला हवं, चूल कुठं हवी. पोरांच्या शाळा सुटल्या नाहीत. काही जण कुरकुरले, नाही असं नाही. पण वाटा सगळ्यांनी दिला.

आणि इंदूबाई. वामनरावांची बायको. दुखवट्याचे दिवस पुरे होईपर्यंत ती रोज सकाळी तांड्यात यायची, सुखीबाईच्या चुलीपुढं बसायची आणि भाकरी थापायची. एक शब्द बोलायची नाही. धीर धरा म्हणायची नाही, देवाची मर्जी म्हणायची नाही. भाकरी थापून झाल्या की सुखीबाईच्या पुढ्यात ताट ठेवून खाईपर्यंत समोर बसून राहायची. सुखीबाईला त्या दिवसांतलं दुसरं काही आठवत नाही, पण पिठानं माखलेले ते हात आठवतात. त्या हातांसाठी ती या कंपनीच्या फाटकात आयुष्यभर बसायला तयार होती.

म्हणूनच मागणं जमत नव्हतं. एवढं मिळाल्यावर पुन्हा पदर पसरायचा, तोही जो नियम आपणच राखतो तो मोडण्यासाठी, याची तिला लाज वाटत होती. तरीही पोरगी काही साडी मागत नव्हती, दागिना मागत नव्हती. बापाला एक दिवा मागत होती.

उन्हं कलली तशी ती उठली आणि ऑफिसपर्यंत गेली. दारातून वामनराव दिसले. समोर दोन शेतकरी बसले होते, कापसाच्या ओलाव्यावरून त्यांचं चाललं होतं. वामनरावांनी तिला पाहिलं.

"काय, सुखीबाई?"

"काही नाही."

"काही तर अशीन."

"ते... भोकं बुजवा म्हटलं. दिवाळीचं बरं नाही दिसत."

वामनराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळचाच भाव होता, शब्द ओठांशी येऊन अडकल्यासारखा. "पाहू," ते म्हणाले. ती परत फिरली. परतताना तिला स्वतःचाच राग आला. आयुष्यात कधी बोलताना न अडखळलेली बाई आज भोकांवर घसरली होती.

संध्याकाळी काम लवकर सुटलं. बायका घाईनं निघाल्या, हमाल निघाले. ज्यांच्या आगपेट्या डब्यात होत्या त्यांनी आपापल्या ओळखून घेतल्या. वामनराव तेवढे अजून ऑफिसात होते, आणि त्यांची आगपेटी डब्यात. राखणीला शंकरसिंग यायचा, तो आज दिवाळी म्हणून उशिरा येणार होता. मशीन बंद झाली आणि तिची घरघर थांबल्यावर आवार एकदम मोठं वाटायला लागलं.

दिवेलागणीला तांड्याकडून पोरी येताना दिसल्या. दहाबारा असतील, नव्या कपड्यांत, प्रत्येकीच्या तळहातावर दिवा आणि दुसऱ्या हाताचा आडोसा. नायकाच्या घरून निघून घरोघर जायच्या आधी त्या इकडं वळल्या होत्या. पुढं रंजिता. तिच्या मागं बबिता, तिचाही बाप त्या पाचांत होता.

सुखीबाई फाटकाच्या मधोमध उभी राहिली. तिनं दोन्ही हात पसरले.

"थांब. तिथंच थांब, रंजी."

रंजिता थांबली. सगळ्या थांबल्या. वाऱ्यानं ज्योती आडव्या होत होत्या.

"मी आत येत नाही, याडी," रंजिता म्हणाली. आवाजात दुपारचा राग नव्हता. "तू बरोबर बोल्ली. मी बाहेरूनच म्हणतो. तू फक्त सांग, कोन्या बाजूले तोंड करू?"

सुखीबाईचे पसरलेले हात तसेच राहिले. पोरीनं मागून मागून एवढंच मागितलं होतं आणि तेवढंही तिला देता येत नव्हतं. तिला ठाऊकच नव्हतं. तिनं मागं वळून आवाराकडं पाहिलं. शेड, ढीग, वजनकाटा, टाकं. यातलं कुठं? तिचे डोळे भरून आले आणि समोरचं सगळं एकमेकांत मिसळलं.

"मी सांगतो," मागून कुणी तरी म्हणालं.

वामनराव ऑफिसला कुलूप लावून आले होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. ते सुखीबाईच्या बाजूनं फाटकाबाहेर आले.

"चला," ते पोरींना म्हणाले. "दिवे सांभाळा. इकडून, भिंतीच्या कडेकडेनं."

ते पुढं चालू लागले आणि पोरी त्यांच्या मागं. सुखीबाई फाटक सोडून कधी हलत नसे. आज तिनं कडी घातली आणि गेली. भिंत सरळ होती तोवर ते सरळ गेले आणि ती आत वळली तिथं तेही वळले. बाहेर सुटलेल्या त्या जागेत वारा लागत नव्हता. तिन्ही बाजूंनी भिंतीचा आडोसा होता. पोरींच्या ज्योती उभ्या राहिल्या.

"जुन्या शेडचं मागचं दार इथं होतं," वामनराव म्हणाले. "पाचही जण इथंच होते."

दिव्यांच्या उजेडात भिंतीतली पाच भोकं समोर दिसत होती. जवळून पाहिल्यावर ती भोकं नव्हती. आतून गुळगुळीत गिलावा होता, तळ सपाट होता, वर छोटी कमान होती. दिवा ठेवायला घरात असतो तसा कोनाडा. पाच कोनाडे.

"सासूबाई तुमची, धनीबाई," वामनराव सुखीबाईकडं न पाहता बोलू लागले. "आमी आगीनंतर पह्यल्यांदा तांड्यात आलतो, तवा धनीबाईनं मले इचारलं होतं. म्हणे, तुमी जिनिंगमंदी कोणाले आगपेटी नेऊ देत नाही. मंग माह्या पोराच्या जाग्यावर दिवा कोण लावन? मले जवाब नाही सुचला. सारे संचालक उभे होते, कोणालेच नाही सुचला."

सुखीबाईला ते आठवेना. ती तेव्हा कोपऱ्यात डोकं गुडघ्यांत घालून बसली होती. पण म्हातारीचा आवाज तिला ऐकू आला, घागऱ्याचा काठ मुठीत धरून विचारणारा.

"लय इचार केला. आत दिवा चालत नाही, ते बी खरं. मंग म्हटलं, जागाच बाहेर काढू. भिंत आत घेतली. आतल्या अंगानं टाकं बांधलं, म्हणजे इकडे कोणी कापूस उतरवणार नाही. पण हे होईस्तोवर साल निघालं. अन् बुढी तं आगीच्याच सालच्या पावसाळ्यात गेली." त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "जिले जवाब द्याचा होता, तेच नाही राह्यली."

"मंग मले काहून नाही सांगतलं?" सुखीबाईचा आवाज चढला. "दसऱ्यापासून मी फाटकात बसून राह्यलो. रोज पाह्यता मले!"

"काय सांगू? कंपनीनं तुमच्यासाठी भिंत वाकडी केली, पाहा म्हणू? माणूस आणून देता आला नाही, अन् भिंत दाखवाले नेऊ? रोज वाटे, आज सांगू. तुमी खिसा पाह्यला का मी गप."

"अन् डोमाजी? त्याले तं आमी सारे..."

"त्यानं भिंत बांधतानाच इचारलं होतं, लोक हासतीन त काय सांगू. मी म्हटलं, तुमचं तुमी पाहा. तो म्हणे, चुकली म्हणतो. त्यात काय जाते?"

सुखीबाईला त्या क्षणी वामनरावांचे पाय धरावेसे वाटले आणि त्यांना चांगलं खडसावावंसंही वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. ती म्हणाली, "भाऊ, घर दिलं तवा मी काही म्हटलं नाही. पोराले शाळेत टाकलं तवा नाही म्हटलं. आज म्हणतो. लय केलं तुमी आमचं."

वामनरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

रंजिता पुढं झाली. पहिल्या कोनाड्यासमोर ती उभी राहिली, दिवा दोन्ही हातांनी वर धरला. "बापू," ती म्हणाली आणि थांबली. मग स्पष्ट, तांड्यात घराघरापुढं म्हणतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "बापू, तोन मेरा!"

दिवा तिनं कोनाड्यात ठेवला. तो असा बसला, की जणू मापून बांधला होता. बबितानं आपला ठेवला, तिच्या बापाचं नाव घेऊन. मग आणखी दोघींनी. पाचव्या कोनाड्याशी आलेली पोरगी सगळ्यात लहान होती. तिनं टाचा उंचावून दिवा उचलला, तो कलंडला आणि ज्योत तेलात बुडून विझली. पोरगी रडवेली झाली.

"आगपेटी?" वामनरावांनी सवयीनं खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

सुखीबाई फाटकाकडे गेली आणि बिस्किटाचा डबा घेऊन आली. डब्याचं झाकण तिनं नखानं उघडलं. आत एकच आगपेटी उरली होती. आगीनंतर तिनं काडी ओढली नव्हती. घरी गॅसला लायटर होता, देवापुढचा दिवा रंजिता लावायची. तिनं काडी हातात घेतली, थोडा वेळ नुसती धरली. मग ओढली.

काडी पेटली. तिनं हाताचा आडोसा केला आणि पोरीच्या दिव्याची वात लावली. वात नीट धरेपर्यंत ती थांबली. मग काडी फुंकली, मातीत दाबली, बोटानं चाचपून पाहिली, पुन्हा दाबली, आणि थंड झालेली काडी उचलून डब्यात टाकली. पाचवा दिवा कोनाड्यात गेला.

वामनराव मागं सरकून उभे होते. आता आपलं इथं काम नाही, असं त्यांना वाटलं असावं. ते वळणार, एवढ्यात रंजितानं शेजारच्या पोरीच्या हातातला दिवा घेतला आणि ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बापू, तोन मेरा," ती म्हणाली.

वामनरावांना यातलं काही माहीत नव्हतं. हात जोडायचे की ओवाळणी द्यायची, त्यांना कळेना. टोपी हातातच होती, ती त्यांनी गडबडीनं डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"काय म्हणू वं मी?" त्यांनी सुखीबाईला विचारलं.

"काही नका म्हणू," सुखीबाई म्हणाली. "उभे राहा."

ते उभे राहिले. दिव्याचा उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला होता आणि चष्म्याखालून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

भाऊबीज झाल्यावर जिनिंग पुन्हा सुरू झाली. सकाळीच सुखीबाईनं डोमाजीपुढं लापशीचा डबा ठेवला. डोमाजीनं झाकण उघडून वास घेतला.

"हे कायले?"

"खा मुकाट्यानं."

डोमाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि पायरीवर बसून खाऊ लागला.

रांग लागली. सुखीबाईनं खिसे पाहिले, ओट्या पाहिल्या. वामनरावांचा खिसा आज स्वच्छ निघाला, तिनं तरी दोनदा पाहिला. मग बाहेर पुन्हा तोच खरकन आवाज झाला. ऋतिकची ट्रॉली कोपऱ्याला घासली होती. भिंतीच्या आतल्या वळणात पाच कोनाडे काजळीनं थोडे काळे झाले होते, पण ट्रॅक्टरवरून ते दिसत नव्हते.

"अबे, हे भिंत कोणी तरी सरळ करा रे!" ऋतिक ओरडला.

सुखीबाई फाटकातून बाहेर आली. तिनं हात वर करून त्याला मागं घ्यायला लावलं, मग आणखी मागं.

"मोठा वळसा घे," ती म्हणाली. "भिंत बरोबर हाये."